वस्तू नोंद ठेवते, ती वाचतं कोण? घरातल्या ‘स्मार्ट’ वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही, कॅमेरा, घड्याळ, विजेचा मीटर, स्कूटर. यातल्या बहुतेक वस्तू आता स्वतःच्या वापराची नोंद ठेवतात आणि ती कुठेतरी पाठवतात. आमच्या सोसायटीत वाय-फाय, कॅमेरा असली कामं फिरून माझ्याकडेच येतात. त्यामुळे हे प्रश्न लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या मांडवात सतत कानावर पडतात. उत्तरं घरात राहणाऱ्या माणसांसाठी आहेत, तंत्रज्ञांसाठी नाहीत.

आमच्या घरात अशा वस्तू किती आहेत, हे ओळखायचं कसं?

पहिली खूण अशी: सुरू करताना वस्तूने ॲप घ्यायला लावलं आणि मोबाइल नंबर किंवा ईमेल मागितला, तर तिची नोंद घराबाहेर जाते असं धरून चाला.

खात्री करायची असेल तर राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, ती उघडा. मोबाइल-लॅपटॉपची नावं लगेच कळतात. त्यांच्याखाली ‘ईएसपी’ आणि पुढे काही अक्षरं-आकडे, अशी एखादी ओळ निघते आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. घाबरू नका. ईएसपी ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची स्वस्त वाय-फाय चिप आहे. बल्ब, प्लग, गीझरचे स्विच यांत ती सर्रास असते. एकेक वस्तू बंद करत जा. जी बंद केल्यावर थोड्या वेळाने ती ओळ यादीतून जाईल, तिचीच ती चिप.

या यादीत न येणाऱ्याही वस्तू असतात. स्मार्ट मीटर तुमचं वाय-फाय वापरत नाही. ‘कनेक्टेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कूटरमध्ये बऱ्याचदा वेगळं सिम असतं. फास्टॅगला तर बॅटरीसुद्धा नसते, टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो उत्तर देतो.

आमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मग काळजी कशाला?

सुटी नोंद खरंच फालतू असते. पाच चाळीसला गीझर लागला, यात कुणाला काय रस? पण अशा नोंदी महिनाभर ओळीने मांडल्या की त्यातून घरात न सांगितलेल्या गोष्टी दिसू लागतात. मीटरवर हे सगळ्यात स्वच्छ समजतं, म्हणून तो प्रश्न आधी घेतो.

महावितरणचा नवा स्मार्ट मीटर आमच्या घरात काय चाललंय ते बघतो का?

त्याला कॅमेरा नाही, माइक नाही. तो फक्त वीज मोजतो. फरक इतकाच की जुन्या मीटरचा आकडा महिन्यातून एकदा वाचला जायचा, नवा मीटर १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्याने वापर नोंदवतो आणि ती नोंद आपणहून पाठवतो. तुमचा वापर तुम्हालाही महावितरणच्या ॲपवर बघता येतो. जरूर बघा, कारण बघितल्याशिवाय हा मुद्दा कळत नाही.

समजा, एका घराचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा आलेख समोर आहे. रात्रभर रेघ खाली, जवळजवळ सपाट: फ्रिज आणि पंखे. साडेपाच ते सहामध्ये एक उंच खांब: गीझर, म्हणजे कुणीतरी उठलं. नऊनंतर रेघ पुन्हा बसते, म्हणजे सगळे बाहेर पडले. दुपारी दोनला पुन्हा थोडी उचलते, शाळा सुटली. मेमध्ये रात्री अकरा ते दोन नवा पट्टा दिसू लागला, म्हणजे एसी घेतला. मग सलग आठ दिवस फक्त फ्रिजची रेघ. घराला कुलूप आहे, हे ओळखायला पोलिसाची नजर लागत नाही. चोरालाही नेमकं हेच हवं असतं.

टप्पा लहान केला की आणखी बारीक दिसतं. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की घरात येणाऱ्या एकाच तारेवरचा चढउतार बारकाईने मोजला तर कोणतं उपकरण कधी चालू झालं ते वेगळं काढता येतं. अर्ध्या तासाच्या बेरजेत मिक्सर ओळखू येणार नाही. पण वीजवापर दाखवणारे स्मार्ट प्लग बाजारात मिळतात. ते सेकंदांच्या हिशेबात मोजतात, आणि त्यांची नोंद महावितरणकडे नाही, प्लगच्या कंपनीकडे जाते.

नेदरलँड्समध्ये २००९ साली स्मार्ट मीटर सक्तीचा करणारा कायदा वरिष्ठ सभागृहात खासगीपणाच्या मुद्द्यावर अडला आणि पुढे मीटर नाकारण्याची मुभा द्यावी लागली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ साली अपील न्यायालयाने म्हटलं की दर १५ मिनिटांची नोंद घेणं ही घटनेच्या अर्थाने घराची ‘झडती’च आहे. मात्र वीजपुरवठ्याच्या कामासाठी ती वाजवी आहे, असंही त्याच निकालात आहे. आपल्याकडे मीटरला विरोध झाला तो वाढीव बिलाच्या भीतीने आणि ‘प्रीपेड’ या शब्दाने. नोंदीचा मुद्दा मोर्चांत फारसा आलाच नाही.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते. कधी किती वीज वापरली याची नोंद नसेल तर ही सवलत देताच येणार नाही. तेव्हा मीटरने नोंद ठेवू नये, हा माझा आग्रह नाही. ती किती दिवस ठेवतात, मीटर बसवणाऱ्या आणि चालवणाऱ्या खासगी कंपनीतल्या कुणाकुणाला ती दिसते, हे ग्राहकाला लेखी कळावं, एवढाच आहे.

टीव्ही आपल्यालाच बघतो, हे खरं आहे का?

तुम्हाला बघत नाही. तुम्ही काय बघता ते बघतो. या तंत्राला एसीआर म्हणतात, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते आपोआप ओळखणं. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने घेतो, त्यांचा आकड्यांतला ठसा बनवतो आणि सर्व्हरवरच्या साठ्याशी जुळवतो. मालिका कोणती, जाहिरात कोणती, कधी चॅनल बदललं, सगळं कळतं.

लोकांना वाटतं, आपण सेटटॉप बॉक्स लावलाय, टीव्हीच्या ॲपवर काही बघतच नाही, मग सुटलो. तसं नाही. नमुना पडद्यावरून घेतला जातो. २०२४ साली ब्रिटन, अमेरिका आणि स्पेनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले, तेव्हा एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडून टीव्हीचा नुसता पडदा म्हणून वापर केला, तरीही हे काम चालू दिसलं. त्याच तपासणीतली चांगली बातमी अशी की सेटिंगमधून परवानगी काढून घेतल्यावर ही वाहतूक थांबली.

तेव्हा रिमोट घ्या. सॅमसंगवर ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीवर ‘लाइव्ह प्लस’, काही सोनी टीव्हींवर ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’ अशी नावं शोधायची. नाव ऐकून कुणालाही ती सोयच वाटेल! टीव्ही बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, ‘सगळ्याला मान्य’ दाबून मोकळा होतो. म्हणून आपल्या टीव्हीने काय मान्य केलंय हे बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसतं.

टीआरपीशी याची गल्लत करू नका. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा मीटर निवडक घरांत, त्या घराला सांगून लावलेला असतो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने न सांगता हेच केलं. १ कोटी १० लाख टीव्हींवरून सेकंदासेकंदाची नोंद गोळा करून ती इतरांना विकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. म्हणजे टीव्हीमागे २० सेंट.

अलेक्सा किंवा गुगलचा स्पीकर सतत ऐकतो का?

माइक सतत चालू असतो, पण हाक ओळखण्याचं काम स्पीकरच्या आतच होतं. हाक मिळाल्यावर पुढचं बोलणं सर्व्हरकडे जातं. अडचण चुकीच्या हाकेची आहे. २०१९ साली बेल्जियमच्या व्हीआरटी या वृत्तवाहिनीच्या हाती गुगल असिस्टंटने टिपलेल्या आवाजांचे हजाराहून जास्त तुकडे लागले. त्यातल्या १५३ तुकड्यांत कुणी हाक मारलेलीच नव्हती, तरी घरातलं बोलणं टिपलं गेलं होतं. ओळख सुधारावी म्हणून असे तुकडे माणसांना ऐकायला दिले जात, तसे ते बाहेर आले.

ॲपमध्ये जुन्या आवाजांची यादी असते. एकदा ऐकून बघा, मग आपोआप पुसण्याची मुदत लावा. स्पीकर झोपायच्या खोलीत ठेवू नका. माइक बंद करायचं बटण त्याच्या अंगावरच असतं.

घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर जाऊ शकतं?

जाऊ शकतं, आणि बहुतेक वेळा पासवर्डमुळे जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीची चित्रणं यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेली सापडली. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. रुग्णालयाचा कॅमेरा गुजरातचा, गिऱ्हाइकं कुठली कुठली, आणि हात आपल्याकडचे. कॅमेरा एकदा नेटवर आला की गावाची वेस उरत नाही.

कारखान्यातून येणारा पासवर्ड हे सगळ्यात मोठं भोक. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने नेमके असे पासवर्ड आजमावून लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डिन कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे सरसकट पासवर्ड ठेवून वस्तू विकायलाच बंदी घातली. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली आहे. नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला ‘एसटीक्यूसी प्रमाणपत्र आहे का’ असं विचारा. एसटीक्यूसी म्हणजे केंद्र सरकारची चाचणी यंत्रणा. जुन्या साठ्यातला स्वस्त कॅमेरा गळ्यात मारू देऊ नका.

चित्रण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर ठेवायचं की कंपनीच्या सर्व्हरवर? दाराबाहेरच्या कॅमेऱ्याला सर्व्हर बरा, कारण चोर कॅमेराच उचलून नेऊ शकतो. घराच्या आत मात्र कार्डच ठेवा. आणि खोलीतल्या कॅमेऱ्याचा आवाज टिपणं बंद ठेवा. लोक चित्राला घाबरतात, पण भानगडी बोलण्यातून होतात.

कंपनी दूर कुठेतरी आहे. तिने आमची नोंद बघून आमचं काय बिघडणार?

बऱ्याचदा काही नाही. म्हणूनच मला कंपनीपेक्षा घरातला प्रश्न मोठा वाटतो: ॲप कुणाच्या मोबाइलमध्ये आहे?

पूर्वी किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला, त्याच्या हातात घर. आता तो मान खात्याच्या मालकाला आहे. कॅमेरा, दाराचं स्मार्ट कुलूप, स्पीकर, गाडी, सगळं सहसा एकाच्या नावावर असतं, बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या. सासूबाई दुपारी किती वाजता झोपल्या, सून किती वाजता परत आली, कुलूप कुणाच्या बोटाने उघडलं, हे त्याला ऑफिसात बसून दिसतं. बाकीच्यांना तो काय बघतो ते दिसत नाही. कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही. पण ‘एवढ्या उशिरा दार का उघडलं होतं?’ असा मेसेज दोनदा आला की घरातलं वागणं बदलतं.

फास्टॅगचंही तसंच. मुलाने वडिलांची गाडी काढली आणि ‘मित्राकडे, कोथरूडला’ सांगून निघाला. खालापूरच्या टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर वाजतो. यात गंमत आहे, तोवर ठीक आहे. नवरा-बायकोत बिनसलेलं असतं तेव्हा अशाच मेसेजांची फाइल तयार होते.

उपाय तंत्राचा कमी, रीतीचा जास्त आहे. कॅमेरा घरातल्या सगळ्यांना विचारून लावायचा. ॲपमध्ये प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं खातं द्यायचं. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवत ठेवायचा नाही. आणि घर किंवा नातं सोडताना खात्यांमधली जुनी नावं काढायची. मोबाइल नंबर बदलताना बँक सगळ्यांना आठवते, कॅमेऱ्याचं ॲप कुणालाच नाही.

कामाला येणाऱ्या मावशींना कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं का?

हो. आणि आज सांगा.

कायद्याचं बघायचं तर व्यक्तीने निव्वळ स्वतःच्या, घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे त्या कायद्याचा धाक तुम्हाला नाही. पण त्या जिथे कपडे बदलतात तिथपर्यंत कॅमेऱ्याची नजर जात असेल, तर स्त्रीला खासगी क्षणी चोरून बघणं-टिपणं गुन्हा ठरवणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, आणि त्यात घरगुती म्हणून सूट नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये मावशींचा फोटो, नंबर, रोजची येण्या-जाण्याची वेळ, कुठल्या घरी किती दिवस खाडा, सगळं असतं. काही ॲपमध्ये रहिवासी त्यांना ताऱ्यांत गुणही देतात. ज्यांची ही नोंद आहे त्यांच्या मोबाइलमध्ये ते ॲपच नसतं. महिनाअखेरीला ‘ॲपमध्ये चार खाडे दिसतायत’ म्हणून पैसे कापले जातात, आणि दोन दिवस गेटवरचं यंत्र बंद होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र त्यांची. वर म्हटलेली घरगुती सूट व्यक्तीला आहे. सोसायटी आणि ॲपची कंपनी म्हणजे व्यक्ती नव्हे. वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन तास भांडण चालतं. त्यातली दहा मिनिटं घेऊन विचारा: ही नोंद कोण बघतं, किती दिवस ठेवतात, काम सोडल्यावर पुसतात का, आणि मावशींना स्वतःची हजेरी कुठे बघायला मिळते?

नवीन गाडी आणि ई-स्कूटर काय काय नोंदवतात?

ठिकाण, वेग, जोरात मारलेला ब्रेक, चार्जिंगच्या वेळा, बॅटरीची तब्येत. चोरीला गेलेली स्कूटर सापडते ती याच जोरावर, त्यामुळे सरसकट नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

नोंद हातोहात कशी पुढे सरकते याचा नमुना मात्र अमेरिकेत आहे. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की जनरल मोटर्सच्या गाड्यांमधली चालवण्याची नोंद लेक्सिसनेक्सिससारख्या दलाल कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होती. शेव्हरोले बोल्टच्या एका मालकाचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला, तेव्हा त्याने आपली फाइल मागवली. ती २५८ पानांची निघाली. सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या, निघण्याची-पोचण्याची वेळ, अंतर, कचकन दाबलेले ब्रेक. त्यात त्याच्या बायकोच्याही फेऱ्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशी नोंद पत-माहिती कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी सुचवली.  

भारतात विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये ‘जेवढी चालवाल तेवढा हप्ता’ आणि ‘जशी चालवाल तसा हप्ता’ अशा जोडविम्यांना परवानगी दिली आहे. पहिला प्रकार किलोमीटर मोजतो, दुसरा तुमचं चालवणं. सही करण्याआधी विचारा की सवलत मिळते तशी याच नोंदीवरून वाढही होऊ शकते का, आणि अपघाताच्या दाव्यात ही नोंद तुमच्याविरुद्ध वापरतील का. उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या.

घड्याळात पावलं, झोप, नाडी मोजली तर धोका काय?

पावलांत नाही, जागेत आहे. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या धावपटूंच्या मार्गांचा नकाशा काढला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात मध्येच चमकणाऱ्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत. नकाशात नावं नव्हती, तरी तळ उघडे पडले. पर्वतीवर रोज पहाटे चढणाऱ्याने आपला मार्ग सगळ्यांना दाखवला तर त्याचं घर आणि घर रिकामं असण्याची वेळ, दोन्ही दिसतात. सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवायची सोय अशा ॲपमध्ये असते, ती वापरा.

पावलं दाखवून आरोग्यविम्यात सवलत घ्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा हिशेब. मी घेणार नाही.

मुलांची बोलणारी खेळणी?

घेऊ नका. जर्मनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड केयला’ या बाहुलीवर लपवलेलं हेरगिरीचं यंत्र म्हणून बंदी घातली. कुठल्याही पासवर्डशिवाय ब्लूटूथने तिच्याशी जोडता येत होतं. त्याच महिन्यात ‘क्लाउडपेट्स’च्या मऊ खेळण्यांमधले मुला-पालकांचे आवाज उघड्यावर सापडले.

आपल्या सामानात कुणी ट्रॅकर टाकला तर कळेल का?

बहुधा कळेल. मे २०२४ पासून ॲपल आणि गुगल यांनी मिळून सूचना द्यायची सोय केली आहे. अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरत राहिला तर आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर इशारा येतो. जुन्या मोबाइलवर तो येईलच असं नाही.

या नोंदी पोलिस किंवा कोर्ट मागू शकतं?

मागू शकतं. अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यात २०१५ सालच्या एका मृत्यूच्या तपासात पोलिसांनी ॲमेझॉनच्या एको या अलेक्सा स्पीकरवरचे आवाज मागितले, त्याची जगभर चर्चा झाली. संशयाचा मोठा भाग मात्र पाण्याच्या स्मार्ट मीटरवर उभा होता: मध्यरात्रीनंतर दोन तासांत १४० गॅलन पाणी वापरलं गेलं, ते रक्त धुवायला, असा आरोप. बचाव पक्षाने मीटरचं घड्याळच चुकीचं असल्याचं म्हटलं, आणि २०१७ मध्ये आरोप मागे घेतले गेले. यंत्राची नोंद म्हणजे खरीच, हे गृहीत धरू नका. तिच्या घड्याळापासून सगळं तपासता येतं.

आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी आहे. कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून द्यायचं असेल तर त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. चोरी झाली तर व्हॉट्सॲपवर तुकडे फिरवण्याआधी मूळ रेकॉर्डर बाजूला काढून ठेवा. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

कंपनीकडे आपली नोंद मागण्याचा हक्क आहे का?

कायदा आहे, पूर्ण लागू व्हायचा आहे. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. माहितीचा गोषवारा मागणं, चूक दुरुस्त करून घेणं, पुसायला लावणं हे हक्क त्यात आहेत. सुरक्षेत हलगर्जी केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती लागते.

एक तरतूद मला विशेष आवडते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, म्हणजे मराठीतही. गंमत म्हणून आत्ताच एखाद्या कंपनीला मराठीत सूचना मागून बघा. युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींची स्थिती बरी आहे. तिथे १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा ॲक्ट लागू आहे आणि जोडलेल्या वस्तूने निर्माण केलेली माहिती वापरणाऱ्याला मिळालीच पाहिजे.

वाय-फाय तोडलं तर वस्तू चालेल का?

टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी व्यवस्थित चालतात. कॅमेरा कार्डावर नोंदवत राहतो, पण ऑफिसातून दिसत नाही. स्पीकर ठोकळा होतो. मधला मार्ग म्हणजे राउटरवर ‘गेस्ट’ नावाचं दुसरं जाळं सुरू करून या सगळ्या वस्तू तिकडे टाकायच्या. मग बल्बमधून कुणी आत शिरलं तरी ते सहसा लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

कंपनीच बंद पडली तर?

वस्तू बंद पडू शकते. घर नियंत्रित करणारं ‘रिव्हॉल्व्ह’ हे ३०० डॉलरचं यंत्र मालक कंपनीने मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून निकामी केलं. फरशी झाडताना घराचे नकाशे काढणाऱ्या ‘रूंबा’ यंत्राच्या आयरोबॉट कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी विकली जाते तेव्हा ग्राहकांची माहितीही तिच्या मालमत्तेतच मोजली जाते.

जुनी वस्तू विकताना किंवा भाड्याचं घर सोडताना काय करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ॲपमधून वस्तू काढून टाका, मग वस्तूवर फॅक्टरी रीसेट करा, शेवटी खातं बंद करा. उलटं केलंत तर वस्तू तुमच्या खात्याला चिकटलेली राहते आणि घेणाऱ्याचे फोन येत बसतात. मेमरी कार्ड काढून घ्या. गाडी विकताना ॲप आणि फास्टॅग दोन्ही बंद करा, नाहीतर नव्या मालकाच्या कोकणवारीचा टोल तुमच्या खात्यातून जातो.

भाडेकरूंनी चावी घेतानाच विचारावं: दाराचं स्मार्ट कुलूप, बेलचा कॅमेरा आणि राउटर कुणाच्या खात्यावर आहेत? मालकांच्या खात्यावर असतील तर तुम्ही कधी येता-जाता ते त्यांना दिसतं. खातं तुमच्या नावावर करून घ्या, आणि ते भाडेकरारात एका ओळीत लिहून घ्या. एजंट म्हणेल, ‘असं कुणी लिहीत नाही.’ तरी लिहून घ्या.